विजेच्या गाडीतील उमेदवारी
एम्बेडेड सॉफ्टवेअरच्या इंटर्नशिपला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

मोटार दुरुस्ती हा महाराष्ट्रातील मुस्लिम समाजाचा जुना व्यवसाय आहे. नागपाडा, कुर्ला, पुण्याची नाना पेठ, मालेगाव, मिरज कोठेही जा, गॅरेज, वायरिंग, बॅटरी, रेडिएटर, डेंटिंग-पेंटिंग आणि स्पेअर पार्ट यांवर आपल्या असंख्य कुटुंबांची रोजी चालते. या धंद्यातील विद्या पुस्तकातून आलेली नाही. ती उस्तादाकडून शागीर्दाकडे आली. पोरगा आधी पाने पुसायचा, मग दहा-बाराचा पाना बरोबर हातात द्यायला शिकायचा आणि दोन-तीन वर्षांनी इंजिनाच्या आवाजावरून दोष सांगू लागायचा.

आता गाडीच बदलली आहे. १९७२ साली आलेली बजाज चेतक ज्या मिस्त्रींनी डोळे मिटून खोलली आणि जोडली, त्याच नावाची स्कूटर २०२० साली विजेवर चालणारी होऊन बाजारात आली. तिच्यात कार्ब्युरेटर नाही, क्लच प्लेट नाही, प्लग नाही, सायलेन्सर नाही. त्या जागी बॅटरी, मोटार आणि त्यांना हुकूम देणारे लहान-लहान संगणक आहेत. गाडी सुरू झाली नाही तर दोष तारेत आहे, सेलमध्ये आहे की सॉफ्टवेअरमध्ये, हे ओळखणारा नवा मिस्त्री तयार व्हावा लागतो. ज्या घरातला बाप गॅरेज चालवतो आणि मुलगा किंवा मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला वा पदवीला आहे, त्या घराला हे काम परके वाटू नये. इंटर्नशिप म्हणजे तीच जुनी उमेदवारी आहे. ती नीट केली तर पोटापाण्याची विद्या मिळते, आणि केवळ प्रमाणपत्रासाठी केली तर सहा महिने वाया जातात. प्रस्तुत लेखात या कामाचे स्वरूप एका लहानशा पाठाच्या आधारे समजावून घेऊ आणि मग जागा कशी निवडावी याकडे वळू.

एम्बेडेड म्हणजे काय?

टेबलावरच्या संगणकात आपण हवा तो प्रोग्राम टाकतो. एम्बेडेड सॉफ्टवेअर हे एखाद्या यंत्राच्या पोटात कायमचे बसवलेले असते आणि ते एकच ठरलेले काम करते. विजेच्या स्कूटरमध्ये मोटारीचा कंट्रोलर, बॅटरी सांभाळणारी यंत्रणा म्हणजे बीएमएस, चार्जर आणि समोरचा डिस्प्ले या प्रत्येकात असा मायक्रोकंट्रोलर असतो. त्याची स्मृती तुटपुंजी असते आणि काम वेळेत करण्याचे बंधन मोठे असते. फोनवरचे ॲप अर्धा सेकंद अडकले तर आपण कंटाळतो. मोटारीचा कंट्रोलर अर्धा सेकंद अडकला तर स्वार पडू शकतो. बहुतेक काम सी भाषेत चालते. भाषा जुनी आहे म्हणून तिला हलके समजू नये.

एक पाठ : बॅटरीचा व्होल्टेज मोजणे

इंटर्नला पहिल्या महिन्यात मिळू शकेल असे एक साधे काम घेऊ. बाजारात जिला ढोबळमानाने ४८ व्होल्टची बॅटरी म्हणतात, तिच्यात एलएफपी जातीचे १६ सेल एकामागोमाग जोडलेले आहेत असे समजा. एका सेलचा नाममात्र व्होल्टेज ३.२ आणि पूर्ण भरल्यावर ३.६५. म्हणजे पॅकचा नाममात्र व्होल्टेज ५१.२ आणि पूर्ण भरल्यावर ५८.४ व्होल्ट होतो. हा व्होल्टेज मायक्रोकंट्रोलरने वाचायचा आहे.

मायक्रोकंट्रोलरच्या पायाला ३.३ व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाही. म्हणून २०० किलो-ओहम आणि १० किलो-ओहम असे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेजचा एकविसावा हिस्सा आत घेतात. ५८.४ चा एकविसावा हिस्सा २.७८ व्होल्ट. आतील एडीसी १२ बिटांचा असेल तर तो ० ते ३.३ व्होल्टचे ४०९६ भाग करतो. आपले २.७८ व्होल्ट त्याला ३४५२ या आकड्याने दिसतात.

आता या आकड्यावरून परत मिलीव्होल्ट काढायचे. कागदावर गणित सोपे आहे. ३४५२ ला ३३०० ने गुणा, ४०९६ ने भागा, पुन्हा २१ ने गुणा. विद्यार्थी हेच सूत्र सी भाषेत जसेच्या तसे लिहितो आणि १६ बिटांच्या कंट्रोलरवर उत्तर भलतेच येते. कारण पहिल्याच गुणाकाराचे उत्तर १ कोटी १३ लाख ९१ हजार ६०० होते आणि तेथील साध्या पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावतच नाही. आकडा भांड्याबाहेर सांडतो. कंपायलर बहुधा तक्रार करीत नाही आणि प्रोग्राम मजेत चालत राहतो.

हुशार विद्यार्थी म्हणतो, मग आधी भागाकार करू. ३४५२ भागिले ४०९६. पूर्णांकाच्या गणितात याचे उत्तर शून्य येते आणि शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. पूर्ण भरलेली बॅटरी डिस्प्लेवर रिकामी दिसते. योग्य मार्ग असा की गुणाकारापूर्वीच संख्या ३२ बिटांच्या भांड्यात घ्यावी, सर्व गुणाकार आधी करावेत आणि भागाकार सर्वांत शेवटी. मग उत्तर ५८,४०४ मिलीव्होल्ट येते. वरचे ४ मिलीव्होल्ट कोठून आले, हे विद्यार्थ्याने स्वतः शोधावे.

गणित सुधारले तरी काम संपत नाही. रेझिस्टरवर १ टक्का टॉलरन्स लिहिलेला असतो. दोन्ही रेझिस्टर उलट दिशांना चुकले तर ५८ व्होल्टच्या पॅकमध्ये एक व्होल्टाहून अधिक फरक पडू शकतो. म्हणून प्रत्येक बोर्ड खात्रीच्या मीटरशी ताडून पाहावा लागतो. त्याशिवाय पॅकची बेरीज बरोबर असूनही आतला एखादा सेल धोक्यात असू शकतो. पंधरा सेल ठीक आणि एक खचलेला, हे बेरजेत दिसत नाही. यासाठीच चांगल्या बीएमएसमध्ये प्रत्येक सेल वेगळा मोजणारी खास चिप असते.

मोजल्यानंतरचा निर्णय

खरा कस येथे लागतो. बॅटरी ठरलेल्या मर्यादेखाली गेली की पुरवठा तोडायचा, हा नियम कोणीही लिहील. पण भरलेली स्कूटर पुलावर चढत असताना मोटार जोराचा करंट ओढते, व्होल्टेज क्षणभर खाली बसतो आणि चढ संपताच पुन्हा वर येतो. सॉफ्टवेअरने एकाच वाचनावर विश्वास ठेवून पुरवठा तोडला तर मागे मूल बसवून निघालेली बाई ट्रकच्या रांगेपुढे उभी राहील. म्हणून व्होल्टेज ठराविक काळ सतत खाली राहिला तरच कारवाई, आणि तीही आधी इशारा, मग जोर कमी करणे व शेवटी बंद, अशी पायरी ठेवतात. उलट शॉर्ट सर्किट झाले तर थांबायला वेळच नसतो. तेथे सॉफ्टवेअरची वाट न पाहता सर्किटच काही मायक्रोसेकंदांत पुरवठा तोडते.

किती वेळ थांबायचे हे इंटर्नने मनाने ठरवायचे नसते. तो आकडा सेल बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकातून, चाचण्यांतून आणि कंपनीच्या लेखी आवश्यकतेतून येतो. तुमच्यासमोर असा आकडा आला तर तो कोठून आला हे विचारा. चांगला वरिष्ठ अशा प्रश्नाने रागावत नाही.

बॅटरी किती टक्के उरली, हा आणखी एक चकवा. एलएफपी सेलचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून टक्के सांगता येत नाहीत. म्हणून जाणारा-येणारा करंट वेळेने गुणून हिशेब ठेवतात. १० अँपिअर ६ मिनिटे गेले तर १ अँपिअर-तास खर्च. पण करंट मोजणाऱ्या सेन्सरचे शून्यच ०.१ अँपिअरने चुकलेले असेल तर १० तासांत १ अँपिअर-तासाची खोटी नोंद होते. ३० अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये ही चूक ३ टक्क्यांहून अधिक झाली. दुकानदाराने रोजच्या वहीत एक रुपया चुकवत जावे तसे हे साठत जाते. बॅटरी पूर्ण भरली की हिशेब पुन्हा शंभरावर आणून जुळवणे हा त्यावरचा एक नेहमीचा उपाय.

२०२२ साली देशात विजेच्या काही स्कूटर पेटल्या. त्यातील एक घटना पुण्यातील होती. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आले आणि त्याच्या सुधारणा १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. सेल, पॅकची बांधणी, चार्जर आणि बीएमएस या सर्वांकडे त्यात लक्ष दिले आहे. हे मानक इंटरनेटवर उपलब्ध आहे. मुलाखतीला जाण्यापूर्वी निदान एकदा वाचून जावे.

दोन तारा आणि साठ ओहम

गाडीतील हे सर्व लहान संगणक एकमेकांशी कॅन बसवर बोलतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली ही पद्धत जगापुढे मांडली आणि १९९३ साली तिचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. पिळलेल्या दोन तारा आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर, एवढाच तिचा सांगाडा. संदेशाला क्रमांक असतो. दोघे एकदम बोलू लागले तर लहान क्रमांकाचा संदेश पुढे जातो व दुसरा थांबतो.

गाडी बंद करून या दोन तारांमध्ये मीटर लावला तर ६० ओहम यायला हवे. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर नाही किंवा तार तुटली आहे. ४० आले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर जोडून ठेवला आहे. शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. ज्याला ही तपासणी येते त्याचे सॉफ्टवेअर शोधण्यात जाणारे कित्येक तास वाचतात. आमच्या मते प्रत्येक इंटर्नने पहिल्या दिवशी विकत घ्यावी अशी वस्तू लॅपटॉपची बॅग नसून चांगला मल्टिमीटर आहे.

संदेशातील आकडे वाचतानाही सावध राहावे. बीएमएसने २ आणि २४ असे दोन बाइट पाठवले. २ ला २५६ ने गुणून २४ मिळवले तर ५३६, म्हणजे ५३.६ व्होल्ट. क्रम उलटा धरला तर ६१४६, म्हणजे ६१४.६ व्होल्ट! एवढी मोठी चूक लगेच दिसते. तापमानाच्या आकड्यात हीच चूक झाली आणि उत्तर पटण्यासारखे आले तर ती लपून राहते.

येथे गॅरेजमध्ये वाढलेल्या मुलाला एक फायदा आहे. अर्थ लूज असला की दिवे कसे लुकलुकतात, पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरले की गाडी कशी कधी चालते कधी नाही, हे त्याने पाहिलेले असते. वर्गात हे कोणी शिकवत नाही. सुट्टीत वडिलांच्या हाताखाली आठ दिवस फक्त वायरिंग करावे आणि त्यात कमीपणा मानू नये.

प्रत्यक्ष इंटर्नशिपमध्ये

उन्हाळ्यातील इंटर्नशिप दीड-दोन महिन्यांची असते, शेवटच्या सत्रातील बहुधा सहा महिन्यांची. दोन महिन्यांत कोणी तुमच्याकडे ब्रेकचे सॉफ्टवेअर सोपवणार नाही आणि सोपवू नये. चाचणीचे टेबल लावणे, तीच चाचणी पन्नास वेळा करणे, नोंदी ठेवणे, कॅनचे रेकॉर्ड चाळून बिघाडाचा क्षण शोधणे अशी कामे येतात. विद्यार्थी नाराज होतात की आम्हाला कोड लिहू देत नाहीत. पाने पुसण्याच्या काळात शागीर्द पान्यांचे नंबर शिकतो हे त्यांनी आपल्या आजोबांना विचारावे. मात्र सहा महिन्यांनंतरही केवळ एक्सेल भरणे चालू असेल तर वरिष्ठांकडे स्पष्ट शब्दांत काम मागावे.

सी भाषा सुरक्षितपणे कशी लिहावी याचे मिस्रा नावाचे नियम १९९८ पासून मोटार उद्योगात वापरात आहेत. ते सुरुवातीला जाचक वाटतात. वरचे सांडलेल्या आकड्याचे उदाहरण ज्याने अनुभवले त्याला ते जाचक वाटत नाहीत.

टेबलावर बॅटरी असेल तर अंगठी व धातूचे घड्याळ काढून ठेवावे. ६० व्होल्टखालील डीसी स्पर्शाला कमी धोक्याचा मानतात. पण त्याच बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर ठिणगीने हात भाजतो आणि धातू वितळतो. मोटारगाडीची बॅटरी तर शेकडो व्होल्टची असते. रीतसर प्रशिक्षण आणि वरिष्ठांची हजेरी यांशिवाय तिला हात लावू नये, कोणी घाई करीत असला तरी नाही.

कंपनीचा कोड ही अमानत आहे. तो घरी नेणे, मित्राला दाखवणे, इंटरनेटवर उघडा ठेवणे किंवा परवानगीशिवाय एआयच्या चॅटमध्ये टाकून उत्तर मागणे, यांतले काहीही करू नये. गोपनीयतेच्या करारावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा. महाविद्यालयाच्या अहवालात काय लिहिता येईल हेही तेव्हाच विचारून घ्यावे, नाहीतर शेवटच्या आठवड्यात अहवालच अडकतो.

जुम्याच्या नमाजचा विषय पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांशी सरळ बोलावा आणि तेवढा वेळ नंतर भरून द्यावा. न सांगता टेबल सोडून जाणे बरे दिसत नाही आणि चाचणी चालू असेल तर ते धोक्याचेही ठरते.

जागा कशी निवडावी

मोठ्या कंपन्या बहुधा महाविद्यालयामार्फत मुले घेतात. पण कंट्रोलर, चार्जर, बीएमएस बनवणारे लहान कारखाने पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, बंगळूर या पट्ट्यात आहेत आणि तेथे थेट पत्राने जागा मिळू शकते. मोठ्या नावाच्या कंपनीत सहा महिने प्रेझेंटेशन बनवण्यापेक्षा लहान जागी टेबलावर बसून दोन बोर्ड दुरुस्त करणे विद्यार्थ्याच्या हिताचे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जाण्यापूर्वी एवढे विचारावे : मला शिकवणारी व्यक्ती कोण? मला हाताळायला खरा बोर्ड मिळेल का? स्टायपेंड किती आणि ते पत्रात लिहून देणार का? मजुरी ठरवून घ्यावी आणि वेळेवर द्यावी ही आपल्या दीनची शिकवण आहे. ती मागताना संकोच नको.

पैसे घेऊन इंटर्नशिप देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे. फी घेऊन शिकवणे हा क्लास आहे, आणि क्लास चांगलाही असू शकतो. पण त्याला इंटर्नशिप म्हणणे ही दिशाभूल आहे. घरी बसून चार चित्रफिती पाहिल्या आणि रंगीत प्रमाणपत्र आले, तर मुलाखतीतील पहिल्याच प्रश्नाला ते फाटते. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायला देऊ नये, प्रत द्यावी.

पदवी किंवा डिप्लोमा पूर्ण झाल्यावर आणखी एक दार उघडते. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली १९७३ च्या दुरुस्तीनंतर पदवीधर व डिप्लोमाधारक अभियंतेही येतात. एक वर्षाच्या या प्रशिक्षणात किमान स्टायपेंडचा अर्धा भार केंद्र सरकार उचलते. महाराष्ट्रासाठी याचे मंडळ मुंबईत आहे आणि नोंदणी ऑनलाइन होते. आपल्या मुलांपैकी फार थोडी याचा लाभ घेतात असे दिसते.

मुलींच्या पालकांना एक सांगणे आहे. हे काम बव्हंशी प्रयोगशाळेत टेबलावर बसून होते. मुलीला परगावी पाठवण्याची चिंता रास्त आहे, म्हणून राहण्याची सोय आणि कामाच्या वेळा आधी पाहून याव्यात. पाहून आल्यावर मग तिला अडवू नये.

आधीची तयारी

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत काही शे रुपयांत मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड मिळतो. असे दोन बोर्ड आणि कॅनचे दोन मोड्यूल घ्यावेत. एका बोर्डाने व्होल्टेज मोजून पाठवावा, दुसऱ्याने तो दाखवावा. चालू झाले की मुद्दाम बिघडवावे. एका टोकाचा रेझिस्टर काढा, बाइटचा क्रम उलटा करा, तार हलवा आणि प्रत्येक वेळी काय दिसले ते तारखेसह वहीत लिहा. लहान तारेवर एक रेझिस्टर काढूनही काम चालू राहिले तर गोंधळू नका, लांब तारेवर पुन्हा करून पाहा. घरी हे प्रयोग लिथियमच्या पॅकवर करू नयेत. साधा ॲडॉप्टर पुरे. महाविद्यालयात विजेची शर्यतीची गाडी बनवणारा विद्यार्थ्यांचा गट असेल तर पहिल्या वर्षीच त्यात शिरावे.

उन्हाळ्याच्या जागेसाठी डिसेंबर-जानेवारीतच पत्रे पाठवावीत. पत्र एक पानाचे असावे, त्यात तुम्ही काय बांधले, ते कोठे अडले आणि दोष कसा सापडला एवढेच चार-पाच ओळींत लिहावे, आणि सोबत त्या वहीच्या दोन पानांची प्रत जोडावी.